मे महिन्यात पोरांना घेऊन कोकणात गावी जाताय? खिशात हात न घालता काय काय करता येतं ते वाचा

मुंबई-पुण्याहून पोरं घेऊन रत्नागिरी, राजापूर, संगमेश्वरकडे मूळ गावी जाणाऱ्या प्रत्येक घरात पहिले दोन दिवस मजेत जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी "बोअर होतंय" म्हणतंच. नेटवर्कची एकच दांडी, तीही खळ्याच्या म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं तर, लाईट कधी जाईल नेम नाही, मग मोठी माणसं घाबरून गाडी काढतात आणि बीचवर बनाना राईड, घोडागाडी, महागडं कणीस करत संध्याकाळपर्यंत दोन-तीन हजार उडवून परत येतात. काही गरज नाही हो त्याची. मे महिन्यात गावात घरोघरी इतकं काम चाललेलं असतं की पोरांसाठी वेगळं काही ठरवायला लागतच नाही. दोनच गोष्टी सांभाळायच्या, दिवसाचे भाग उन्हाप्रमाणे पाडायचे आणि पोरांना बघे म्हणून बसवायचं नाही, खरं काम द्यायचं, म्हणजे ते केलं नाही तर घरात कोणाचंतरी अडेल असं. शहरातून आलेल्या पोरांचं लाड करून आपण त्यांना पाहुणे बनवतो आणि पाहुण्यांना कंटाळा येणारच.

खाली लिहिलंय ते रत्नागिरी जिल्हा डोळ्यासमोर ठेवून. सिंधुदुर्ग, रायगडवाल्यांना बरंचसं लागू पडेल, देशावरच्या मंडळींनी आपापलं बदलून घ्या.

आधी वेळेचं बघा

सकाळी उजाडल्यापासून साडेनऊपर्यंत बाहेरची कामं, रान, सडा म्हणजे कातळाचा उघडा माळ, समुद्र जे काय असेल ते. दहा ते चार सावलीत, पडवीत, माजघरात, जवळ देवराई म्हणजे देवाचं राखलेलं रान असेल तर तिथं. चारनंतर परत बाहेर. मोबाईलवर ३४ डिग्री दिसतं म्हणून फसू नका, इथली हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही आणि म्हणून अंग थंड होत नाही, पोर लाल झालं, डोकं दुखतंय म्हणालं, उलटीसारखं होतंय म्हणालं की खेळ बंद, सावलीत आडवं करायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि पेज किंवा मीठ घातलेलं कोकमाचं पाणी घोट-घोट. तरी बरं वाटत नसेल किंवा पोर असंबद्ध बोलायला लागलं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना.

सकाळचं पहिलं काम: पडीचे आंबे

रात्रभर वाऱ्यानं रायवळ म्हणजे कलम न केलेले गावठी आंबे पडतात ते गुरांच्या आणि माकडांच्या आधी गोळा करायचे. हे काम पोरांनाच द्या, टोपली त्यांची, हिशोब त्यांचा. फुटलेले वेगळे, डागी वेगळे, चांगले वेगळे, फुटलेल्यांचा लगेच रस, कच्च्या पडलेल्यांची लोणच्याला किंवा आंबोशीला रवानगी. आंबोशी म्हणजे कैरीच्या फोडी करून मीठ लावून खडखडीत वाळवायच्या, बस, पावसाळ्यात आमटीत घालायला होतात. मोठ्या पोरांच्या हातात झेला देऊन बघा, लांब काठीला जाळी आणि वर पातं, देठासकट आंबा जाळीत पडला पाहिजे. पहिले दहा आंबे जमिनीवरच आपटतात, त्यानंतर जे काही त्या पोराच्या तोंडावर येतं ते कुठल्या क्लासमध्ये विकत मिळत नाही. देठ तोडताना जो चीक उडतो तो अंगावर पडला तर फोड येतात, तोंडापासून लांब धरा आणि हात लगेच धुवा.

काढलेले आंबे पिकायला पेंढ्यात रचून ठेवतात, त्याला आढी घालणं म्हणतात. रोज आढी उलटून पिकलेले निवडायची जबाबदारी एका पोराकडे द्या आणि बाकी कोणी हात लावायचा नाही असं जाहीर करा. घरात त्याचा भाव कसा वाढतो बघा.

इथंच एक गोष्ट सांगतो जी शहरातल्या लोकांच्या लक्षात येत नाही. रान मोकळं दिसतं म्हणून ते कोणाचं नसतं असं नाही. खाली पडलेली काजू बी ही कोणाचीतरी वर्षाची कमाई आहे, ती उचलायची नाही. हापूसच्या कलमांना हात लावायचा नाही. रायवळ, करवंदं, जांभळं यांना सहसा कोणी काही म्हणत नाही पण तरी "काकी, तुमच्याकडच्या झाडाखालचे घेऊ का" एवढं पोरांनीच जाऊन विचारायचं. आणि देवराईतून काहीच आणायचं नाही, वाळकी काडीसुद्धा. हे नियम पोरांना गेल्या गेल्या सांगा, भांडणं झाल्यावर नको.

करवंदं

डबा घ्या, फुलबाह्यांचा जुना शर्ट घाला, पायात बूट. करवंदीची जाळी काटेरी असते आणि फळ तोडलं की पांढरा चीक येतो, ओठ चिकटतात, त्याला घाबरायचं काही नाही, काळी झालेली गोड, लालसर आंबट. खाताना "कोंबडा की कोंबडी" खेळायचं, करवंद न फोडता समोरच्यानं ओळखायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी, हरला त्यानं पुढचं करवंद तोडून द्यायचं. आजी-आजोबा पोरांपेक्षा जोरात खेळतात हे, आणि चीटिंगही करतात. जास्तीची निघाली तर कच्च्या करवंदांची चटणी किंवा लोणचं. मेच्या शेवटाकडे जांभळं सुरू होतात, मधल्या काळात तोरणं, आळू वगैरे मिळतात पण ते ओळखणारं माणूस बरोबर हवं, फोटो बघून ओळखलेलं रानफळ तोंडात घालायचं नाही.

जाळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवायचं. आत साप असू शकतो, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, ते वगळू नका.

दुपार: पडवीतला कारखाना

मे महिन्यातली कोकणातली दुपार लोकांना सगळ्यात अवघड जाते आणि माझ्या मते सगळ्यात भारी तीच असते, कारण घरातली सगळी माणसं एका जागी असतात.

रातांब्यांपासून म्हणजे कोकमाच्या फळांपासून सुरुवात करा. रातांबे गोळा करून धुवायचे, मधोमध कापून बिया आणि गर वेगळा, साल वेगळी. गरात मीठ घालून जो रस सुटतो त्यात साली बुडवून काढायच्या, उन्हात वाळवायच्या, दुसऱ्या दिवशी परत बुडवायच्या, परत वाळवायच्या, याला पुटं देणं म्हणतात, अशी चार-पाच पुटं दिली की काळीभोर आमसुलं तयार. नुसत्या मिठाच्या रसाचं आगळ होतं, सोलकढीला. आणि पोरांना ज्यात खरा इंटरेस्ट असतो ते सरबत, रातांब्याच्या वाट्या करून त्यात साखर भरायची, काचेच्या बरणीत एकावर एक रचायच्या, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायची. रोज बरणी हलवायची आणि रस किती वर चढला ते बघायचं. साखर घरात असतेच त्यामुळे फुकटात धरतोय. भांडी काचेची, स्टीलची किंवा चिनी मातीची घ्या, ॲल्युमिनियम-पितळ नको, आंबट रसानं खराब होतं. कपडे सगळ्यात जुने, हा डाग जात नाही. बिया फेकू नका, वाळवून ठेवल्या की त्यातून कोकमाचं तेल निघतं, घट्ट पांढरं, भेगा पडलेल्या टाचांना लावायला, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा कसं काढायचे ते, एक अख्खी दुपार जाईल गप्पांत.

आंबापोळी म्हणजे साठं. रायवळचा रस, आंबट असेल तर थोडी साखर, ताटाला तुपाचा हात, पातळ थर, वर मच्छरदाणीचा तुकडा नाहीतर जुना नेटचा पडदा, आणि ऊन. संध्याकाळी आत घ्यायचं, दुसऱ्या दिवशी वर अजून एक थर. इथं सगळ्यात धाकट्या पोराचं काम, कावळे हाकलणं. हातात काठी देऊन पडवीच्या सावलीत बसवा, फणसाचे पापड, फेण्या, मिरगुंडं, साठं सगळ्याची राखण त्याच्याकडे. चार-पाच वर्षाचं पोर या कामावर तासभर इमानेइतबारे बसतं, हे मी पैजेवर सांगतो.

फणस कापताना सगळ्यांनी बसायचं. विळीला आणि हाताला खोबरेल तेल चोपडायचं नाहीतर चीक सुटत नाही. आधी पैज लावायची, कापा (घट्ट गऱ्यांचा) आहे का बरका (मऊ गऱ्यांचा), आत गरे किती, जवळच्या आकड्याला पहिला गरा. आठळ्या धुवून घ्या, मिठाच्या पाण्यात उकडून किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजून. चुलीत टाकायच्या आधी आठळीला सुरीनं चीर द्या नाहीतर फट्कन फुटते. काजू बी भाजायचं काम मात्र पोरांना देऊ नका, तिच्या सालात जे तेल असतं ते भडकतं आणि उडतं, अंगावर पडलं तर भाजतं. लांबून बघू दे, वास घेऊ दे.

हे सगळं करताना जे बोलणं निघतं ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, एवढ्यासाठी मोबाईल चालेल. आजोबांना सांगा, वाडीतल्या प्रत्येक जागेचं नाव सांगा, कुठल्या शेताला काय म्हणतात, कुठली बाव म्हणजे विहीर कोणी खणली, पऱ्यावरच्या म्हणजे ओढ्यावरच्या कोंडीला, डोहाला, ते नाव का पडलं. पोरांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वाडीचा नकाशा काढायचा आणि ती नावं लिहायची. गुगल मॅपवर आपल्या गावाचं नुसतं एक टिंब असतं, त्यात यातलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा घेऊन फिरायचं, चुकलं ते दुरुस्त करायचं.

बैठे खेळ. पत्ते आलेच, बदाम सात, गुलामचोर, मेंढीकोट, भिकार-सावकार. पण नवकांकरी शिकवाच. खडूनं किंवा कोळशानं जमिनीवर एकात एक तीन चौकोन काढायचे, बाजूंचे मध्य रेघेनं जोडायचे, २४ घरं होतात, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या, एकाच्या चिंचोके, दुसऱ्याच्या रातांब्याच्या बिया. एका ओळीत तीन लागल्या की समोरच्याची एक उचलायची. दोनच उरल्या की तो हरला. जुन्या देवळांच्या फरशीवर, पायऱ्यांवर हा पट कोरलेला सापडतो, तेव्हा देवळात गेलात की पोरांना शोधायला लावा.

माड असेल तर पातीची भिरभिरी, पिपाणी, घड्याळ, चष्मा, हे सगळं करणारं एक तरी माणूस वाडीत असतंच, त्याला पोरांच्या ताब्यात द्या. आणि पोफळीची म्हणजे सुपारीच्या झाडाची झावळी पडली की तिच्या बुडाशी जो रुंद जाड भाग असतो त्यावर एकानं बसायचं, दुसऱ्यानं शेंडा धरून ओढायचं. पार्कातली घसरगुंडी विसरा.

बारा-बत्तीसची गंमत

शून्य सावलीचा दिवस. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा मे महिन्यात आणि परत जुलै-ऑगस्टकडे, पण तेव्हा ढग असतात म्हणून मेचाच पकडायचा. सावंतवाडीकडे साधारण ४ मे, राजापूरला ६-७, रत्नागिरीला ७-८, चिपळूणला १०, दापोलीला ११, महाडला १२, अलिबागला १४-१५ मे. पुण्याला १३-१४ आणि मुंबईला १५-१६. एक दिवस मागेपुढे झाला तरी फरक डोळ्याला कळत नाही. वेळ घड्याळाच्या बाराची नाही, आपलं घड्याळ पार अलाहाबादजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून कोकणात सूर्य माथ्यावर यायला साडेबारा ते बारा-पस्तीस होतात.

करायचं काय तर खळ्यात सपाट जागेवर तांब्या, नळकांडं, उभी बाटली, काठी असं सरळ उभं राहणारं जे सापडेल ते मांडायचं. बारा-वीसपासून पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं खूण. सावली आखडत आखडत गायब होते आणि मग दुसऱ्या बाजूला वाढायला लागते. पोरांनी स्वतः उभं राहून सावली पायाखाली गेलेली बघायची, टोपी घालून, दोन मिनिटं, आणि पळत पडवीत. सूर्याकडे बघायचं नाही, हे दहा वेळा सांगा.

समुद्र जवळ असेल तर

पोहायला जाण्यापेक्षा ओहोटीला खडकांवर जा. कोळ्यांचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणपट करायची, जे येईल त्या वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकराला. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. हे गणित पोरांना करायला द्या, कालनिर्णय घरात भिंतीवर असतंच. आता बघा, पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-सव्वापाचला पूर्ण ओहोटी येते, ऊनही उतरलेलं, आणि त्याच दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं, म्हणजे खडक सगळ्यात जास्त उघडे पडतात. जायची वेळ हीच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं, अंधार पडेपर्यंत रेंगाळायचं नाही, भरती पाठीमागून येते आणि परतीची वाट बंद होते.

खडकांमधल्या डबक्यांत शांत बसून बघायचं, खेकडे, शंखातले खेकडे, छोटे मासे, समुद्रफूल, नशीब असेल तर तारामासा. हात लावायचा नाही, उचलायचं नाही, विशेषतः कोनाच्या आकाराचे नक्षीदार शंख, ते जिवंत असताना त्यातला प्राणी विषारी डंख मारतो. पायात जुने बूट, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. तिसऱ्या म्हणजे शिंपले काढणाऱ्या बायका भेटल्या तर त्यांना विचारून पोरांना बाजूला बसवा, वाळूतलं छोटं भोक बघून खाली काय आहे ते कसं ओळखायचं हे त्या दोन मिनिटांत शिकवतात.

पाण्यात उतरायचं असेल तर गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. गणपतीपुळ्याला दरवर्षी बाहेरची माणसं बुडतात, समुद्र शांत दिसतो आणि ओढून नेतो. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून तर पाणी खवळायलाच लागतं.

सड्यावर: कातळशिल्पं

याला एक सकाळ ठेवाच. जांभ्याच्या सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी खोदलेली चित्रं, माणसं, मासे, हत्ती, वाघ, आणि काही अशी की काय आहे कोणालाच कळत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गात कुडोपी, गोव्यात फणसायमळ, ही नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी कोरलेत, जमिनीवर उभं राहून अख्खा दिसतच नाही, म्हणून पोरांना त्याच्या बाहेरच्या रेघेच्या कडेकडेनं चालायला लावा आणि मग वहीत काढायला सांगा, काय आकार झाला. रेघेवर पाय द्यायचा नाही, पाणी ओतून, खडू भरून फोटो काढायचे नाहीत. देवाचे गोठण्याला शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, मोबाईलमधलं होकायंत्र उघडून पोरांनी दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे जाऊन स्वतःच तपासायचं.

सकाळी सातला पोचा, नऊला परत निघा. सड्यावर एक झाड नसतं आणि कातळ तव्यासारखा तापतो. पाणी घरून न्यायचं.

याच पट्ट्यात उन्हवऱ्याला, राजापूरजवळ उन्हाळे गावात, संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडीला गरम पाण्याचे झरे आहेत. मे महिन्यात गरम पाण्यात कोण बसणार म्हणाल, पण पहाटे जाऊन बघा, बरं वाटतं. आधी हातानं पाणी बघायचं आणि मगच पोरांना सोडायचं. राजापूरची गंगा, म्हणजे अधूनमधूनच वाहणारा झरा, आलेली असेल तर तेही.

संध्याकाळ आणि रात्र

संध्याकाळी विटीदांडू, लगोरी, आबाधुबी, वडाचं झाड असेल तर सूरपारंबी. यावर जास्त लिहीत नाही, वाडीतली पोरं आपल्या पोरांना ओढून नेतात, आपण फक्त "कपडे मळले" असं ओरडायचं नाही. मे महिन्यात वाडीवाडीत पूजा असतात, रात्री नमन म्हणजे इथली लोकनाट्याची परंपरा नाहीतर मुंबईकर मंडळाचं नाटक असतं, चटई घेऊन जायचं, पोर झोपलं तर तिथंच झोपू द्यायचं.

लाईट गेली की बाहेर या. रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे उंचावर सप्तर्षी, चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ सरळ वाढवली की ध्रुव, कोकणातून तो बराच खाली दिसतो. शेपटीच्या मधल्या ताऱ्याजवळ अगदी चिकटून बारीक तारा दिसला तर ती अरुंधती, मोठा तो वसिष्ठ, कोणाला दिसते कोणाला नाही यावर घरात चष्म्याचे नंबर उघडे पडतात. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की नारिंगी स्वाती, अजून पुढे चित्रा. मेच्या मध्याला साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेकडे क्षितिजाजवळ त्रिशंकू दिसतो, पण डोंगर आडवा नको, सड्यावरून किंवा समुद्रकाठावरून छान. थोड्या उशिरा आग्नेयेला वृश्चिक वर येतो, त्यातली लाल ज्येष्ठा. ॲप लागत नाही, आणि लागलं तरी नेटवर्क कुठाय.

मेच्या शेवटी, एखाद-दुसरा वळवाचा शिडकावा झाला की काजवे. गावातल्या माणसाला विचारा कुठल्या झाडांवर जमतात. टॉर्चला लाल कागद लावायचा आणि तोही फक्त पायाखाली, फ्लॅश बंद, मोबाईल खिशात, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा मिनिटं द्यायची. बाटलीत भरायचे नाहीत. ते चमकतात जोडीदार शोधायला, आपण उजेड केला की त्यांचं लग्न मोडतं, पोरांना असंच सांगा, लगेच पटतं.

आता ते विषाचं

रत्नागिरीत फुरसं म्हणजे विषारी साप आहे. छोटं, मातकट, जांभ्याच्या दगडांत दिसतही नाही. त्यामुळे दगड उचलायचा नाही, भिंतीच्या भोकात, गवतात, जाळीत हात घालायचा नाही, रात्री न्हाणीपर्यंत जायचं तरी टॉर्च आणि चपला, सकाळी बूट झटकून घालायचे. लाकडांच्या ढिगात विंचू असतात. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. चावलेला भाग हलू न देता जवळच्या सरकारी दवाखान्यात, आणि निघतानाच फोन करून सापाच्या विषावरची लस आहे का विचारायचं. लाल विंचवाचंही तेच, पोरांना तो जास्त बाधतो, पण त्यावर औषध आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार इथल्याच पेशंटवर काम करून दाखवला आणि त्यानं मरणारी माणसं वाचायला लागली, म्हणून "उतरेल आपोआप" म्हणत बसायचं नाही. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. गावी पोचल्याच्या दिवशीच जवळचा दवाखाना कुठला, रात्री गाडी कोणाची मिळेल हे विचारून ठेवा.

आणि रानात, गवताजवळ आग पेटवायची नाही. कॅम्पफायरची हौस असेल तर खळ्यात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून.

जाता जाता: पावसाआधीची कामं

२५ मेच्या सुमाराला रोहिणी नक्षत्र लागतं, ७-८ जूनला मृग, त्याच्या आत सगळं आवरायचं म्हणून घरात धावपळ असते. शाकारणी म्हणजे छपराची कौलं नीट करणं चालू असेल तर पोरांनी खाली साखळी करून कौलं हातोहात द्यायची, वर चढायचं नाही. लाकडं भरायची, शेणी (गोवऱ्या) मांगरात म्हणजे शेतातल्या खोपटात रचायच्या, यात मोठ्या पोरांची ताकद लागते आणि लहानांनी मोजायचं.

खाल्लेल्या आंब्यांच्या कोयी, आठळ्या, रातांब्याच्या बिया धुवून ठेवल्या असतील तर दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून लावा. आठळी आणि कोय जास्त दिवस वाळत ठेवली की रुजत नाही, म्हणून काढल्या की दोन-चार दिवसांतच. प्रत्येक पिशवीवर पोराचं नाव. कुठं लावायचं ते मोठ्यांना विचारून जागेवर काठी रोवून या, पाऊस पडला की घरचे लावतील आणि फोटो पाठवतील. यातली एखादी पिशवी मुंबईला न्यायचा हट्ट होणारच, रातांबा नेलात तर एकवेळ कुंडीत जगेल, पण फणस तेवढा नेऊ देऊ नका, सोसायटीवाल्यांशी भांडण नको.